बेरियाट्रिक शस्त्रक्रियेनंतर चहा-कॉफी: कधी, किती आणि कशासोबत

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर किमान पहिला महिना चहा-कॉफी बंद. काही सर्जन हीच मुदत तीन महिन्यांपर्यंत नेतात. तुमच्या डिस्चार्ज कार्डवर जी मुदत लिहिली असेल तीच खरी धरायची. त्यानंतर बहुतेकांना चहा-कॉफी पुन्हा सुरू करता येते, पण घोळ होतो तो नेमका इथेच. आपल्याकडे चहा कधी एकटा येत नाही. त्याच्यासोबत साखर येते, साय येते, खारी-बटर येतं, कुणाकुणाची सिगारेट येते. शिवाय तो बरोबर लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीच्या वेळेला येतो. दिवसाच्या एक-दोन कपांतल्या कॅफिनने जेवढं बिघडतं त्याहून कितीतरी जास्त या सोबत्यांनी बिघडतं. म्हणून कॅफिन किती हे सांगूच, पण कप कधी आणि कशासोबत यावर जास्त वेळ घालवू.

आधी तुमचं ऑपरेशन कोणतं ते पाहा

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. सुरुवातीला तिच्यात जेमतेम १०० ते १५० मिली मावतं. अरुंद नळीत दाब जास्त, त्यामुळे आम्ल वर अन्ननलिकेत चढण्याची प्रवृत्ती वाढते. कॉफीमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते आणि जठरात आम्लही जास्त सुटतं. म्हणून स्लीव्हवाल्यांची कॉफीबद्दलची पहिली तक्रार छातीत जळजळ ही असते.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये गणित वेगळं आहे. इथे जठराचा सुमारे ३० मिलीचा छोटा पाउच करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. लहान आतड्याचं अस्तर आम्ल सोसण्यासाठी बनलेलं नसतं, त्यामुळे त्या जोडावर जखम होऊ शकते. तिला मार्जिनल अल्सर म्हणतात. तिचे मोठे गुन्हेगार तीन: तंबाखू, आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. कॉफीचं नाव या तिघांइतक्या ठामपणे घेता येत नाही. तरीही ती आम्ल वाढवते, डीकॅफ (कॅफिन काढलेली) कॉफीसुद्धा वाढवते, म्हणून जोड भरून येईपर्यंत दोन्ही लांब ठेवायच्या. मिनी बायपासमध्येही असाच एक जोड असतो, तेव्हा तिथेही हाच नियम.

बायपासमध्ये आणखी एक गोष्ट जाते. जठराच्या खालच्या टोकाशी असलेली झडप अन्न थोडं थोडं खाली सोडत असते. ती झडप आता वाटेतच राहत नाही. गोड पातळ पदार्थ सरळ आतड्यात उतरतो आणि डम्पिंग होतं. त्याबद्दल साखरेच्या भागात.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे

दिवसाला चार-पाच कप चहा पिणाऱ्याने ऑपरेशनच्या दिवशी एकदम चहा सोडला तर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ते सगळ्यात जास्त दुखतं आणि पूर्ण थांबायला आठवडाभरही लागू शकतो. म्हणजे भूल उतरतेय, पोटात टाके आहेत, घोटभर पाणीही जपून प्यायचंय, आणि वर हे डोकं. त्यात घरातलं कुणीतरी प्रेमाने कॉम्बिफ्लाम किंवा डिस्प्रिन काढून देतं. पहिलीत आयब्युप्रोफेन असतं, दुसरीत ॲस्पिरिन. बायपासच्या पेशंटने या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्याच नाहीत, आणि स्लीव्हवाल्यांनीही नाही. डोकं दुखलं तर सर्जनला विचारून पॅरासिटामॉल. आपल्याकडच्या काही डोकेदुखीच्या गोळ्यांत कॅफिनही मिसळलेलं असतं, पाकिटामागचं वाचून घ्या.

हे सगळं टाळता येतं. ऑपरेशनच्या आधी यकृताचा आकार कमी करण्यासाठी साधारण दोन आठवड्यांचं डाएट देतात, त्याच दिवसांत चहाही उतरवत आणायचा. पाच कप असतील तर दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी. शेवटचा सुटायचा कप सहसा सकाळचा असतो, त्याला सर्वांत शेवटी हात लावा. त्या कपात आधी चहापत्ती निम्मी करा, मग पाव करा, मग नुसतं गवती चहा आणि आल्याचं पाणी. साखरही याच वेळी काढा. ऑपरेशननंतर साखर आणि कॅफिन एकदम सोडणं कितीतरी जड जातं.

पहिला महिना: कपाऐवजी काय

या महिन्यातलं खरं काम म्हणजे पाणी पोटात जाणं. दिवसाला दीड लिटर गाठायचं असतं आणि तेही दर पंधरा मिनिटांना साधारण ३० मिली, म्हणजे औषधाच्या बाटलीसोबत येणारी छोटी मापाची टोपी दोन-तीनदा भरेल एवढंच. पाण्याची कमतरता हे ऑपरेशननंतर पुन्हा दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचं एक नेहमीचं कारण आहे. कॉफीने थोडी लघवी वाढते हे खरं, पण कप बंद ठेवण्यामागचं मोठं कारण जागेचं आहे. पाउचमध्ये मुळात जागा नाही, ती कॉफीने अडवली तर पाणी आणि प्रोटीन कुठे जाणार?

सकाळी हातात काहीतरी गरम हवं असतं, ती सवय नुसती दाबून टाकण्यात अर्थ नाही. कोमट जिरं-पाणी, धण्याचं पाणी, चहापत्ती न घालता उकळलेला गवती चहा, गाळलेलं भाज्यांचं सूप हे चालतं. पातळ, गाळलेलं ताक दुधाच्या पदार्थांना परवानगी मिळाल्यावर. आल्याचा तिखट काढा पहिल्या महिन्यात नको. सगळं कोमट. कपाला ओठ लावल्यावर चटका बसला तर थांबा.

ग्रीन टी चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. ग्रीन टी हा चहाच आहे, त्यात कॅफिन आहे. आइस टी, काश्मिरी कहवा, कोल्ड ब्रू यांचंही तेच. कोला आणि एनर्जी ड्रिंकमध्ये कॅफिनवर गॅसही असतो, तो पाउचमध्ये फुगतो आणि दुखतो. ही पेयं महिन्याभरानंतरही परत आणू नयेत. एनर्जी ड्रिंकच्या बाबतीत तर भारतातला नियमच लिटरमागे १४५ ते ३०० मिग्रॅ कॅफिनला मुभा देतो, म्हणजे २५० मिलीच्या एका डब्यात ७५ मिग्रॅपर्यंत, आणि बहुतेकांत सोबत भरपूर साखर.

पहिला कप

सर्जनने हिरवा कंदील दाखवला, जळजळ नाही, उलटी नाही, दिवसाचं दीड लिटर पाणी आणि ठरलेलं प्रोटीन (बहुतेकांना ६० ते ८० ग्रॅम) पोटात जातंय, तरच सुरुवात करा. यातलं एक जरी नसेल तर आणखी आठवडाभर थांबा.

कॉफी असेल तर: पाव ते अर्धा छोटा चमचा इन्स्टंट कॉफी, म्हणजे अर्धा ते एक ग्रॅम, १०० मिली पाण्यात. चमचाभर इन्स्टंट पावडरमध्ये (२ ग्रॅम) साधारण ६० मिग्रॅ कॅफिन असतं, म्हणजे तुमच्या पहिल्या कपात १५ ते ३०. बाजारातल्या काही इन्स्टंट आणि बहुतेक फिल्टर पावडरींत चिकोरी असते. चिकोरीत कॅफिन नसतं, त्यामुळे ७०:३० मिश्रणाचा चमचा शुद्ध कॉफीच्या चमच्यापेक्षा सौम्य पडतो. सुरुवातीला हे फायद्याचंच आहे. डीकॅफ मिळत असेल तर पहिले दोन आठवडे तीच प्या. कपामागे तिच्यात सहसा दोन ते पाच मिग्रॅच कॅफिन असतं. आम्ल मात्र तीही वाढवते, म्हणून डीकॅफ आहे म्हणून तीन कप, असं चालत नाही.

चहा असेल तर आपली नेहमीची रीत थोडी बदलावी लागते. दूध, साखर, पत्ती एकत्र घालून पाच-सात मिनिटं रटारटा उकळायचं आणि रंग आला की उतरवायचं, यात टॅनिन (चहातलं तुरट द्रव्य, लोह अडवणारं) खूप उतरतं. त्याऐवजी ७० मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, अर्धा छोटा चमचा पत्ती टाका, झाकण ठेवा, दोन मिनिटांनी गाळा. मग ३० मिली गरम डबल टोन्ड दूध. गवती चहा किंवा वेलची घालायची तर पाण्यासोबत आधी उकळून घ्या, पत्तीला जास्त वेळ उकळू देऊ नका. हा चहा फिका दिसेल. टपरीच्या चहाची आठवण काढत प्यायलात तर बेचव लागेल, आठवडाभर दिलात तर जीभ जुळवून घेते.

प्यायचा कसा: कप बाजूला पाच-सहा मिनिटं ठेवून कोमट होऊ द्या. १०० मिली संपायला २० ते ३० मिनिटं लागली पाहिजेत. स्ट्रॉ नको, हवा आत जाते. पहिले तीन दिवस दिवसाला हा एकच कप, सकाळी, आणि रिकाम्या पोटी नको वाटत असेल तर न्याहारीनंतर किमान अर्धा तास सोडून. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास काहीही पातळ प्यायचं नाही हा जो सर्वसाधारण नियम आहे, त्यात चहाही आला. तीन दिवसांत जळजळ, मुरडा, धडधड, झोपमोड यांपैकी काही झालं नाही तर दुसरा कप जोडा. झालं तर दोन आठवडे मागे जा.

किती चालेल

निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिग्रॅपर्यंत कॅफिन चालतं असं अमेरिकेतली एफडीए सांगते. आपल्याकडच्या आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत ही मर्यादा ३०० मिग्रॅ धरली आहे. त्याच मार्गदर्शिकेत १५० मिलीच्या कपामागे आकडे असे दिले आहेत: ब्रू केलेली कॉफी ८० ते १२० मिग्रॅ, इन्स्टंट ५० ते ६५, चहा ३० ते ६५. एस्प्रेसोच्या ३० मिलीच्या एका शॉटमध्ये साधारण ६० मिग्रॅ धरा. कॅफेतल्या मोठ्या पेल्यात दोन-तीन शॉट असतात, म्हणजे एका पेल्यातच १२० ते १८० मिग्रॅ.

हे आकडे ज्याचं जठर पूर्ण आहे त्याचे. शस्त्रक्रियेनंतर पहिलं वर्षभर दिवसाला १०० ते १५० मिग्रॅच्या पुढे जाऊ नये असं आमचं मत आहे. म्हणजे दोन छोटे कप. कॅफिन सहन होत नाही म्हणून नव्हे. तिसरा कप आला की तो पाण्याच्या किंवा प्रोटीनच्या जागेवर बसतो, आणि कॉफी भूकही मारते. भूक नाही म्हणून दुपारचं जेवण टाळलं, संध्याकाळी पुन्हा कॉफी घेतली, आणि वजनकाटा खाली जातोय म्हणून आनंद. ते जातंय ते स्नायूंचं वजन असतं, आणि तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागले की मग धावपळ सुरू होते.

संध्याकाळी चार वाजता घेतलेल्या कॅफिनपैकी रात्री नऊला सर्वसाधारणपणे निम्मं रक्तात उरलेलं असतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत ते आणखी बराच वेळ टिकतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक चालू असतील तर कॅफिन उतरायला वेळ लागतो आणि एका कपानेही छाती धडधडते. शेवटचा कप दुपारी साडेतीनला, त्यानंतर नाही.

गोळ्या आणि कप यांच्यातलं अंतर

या मुद्द्यावर सगळ्यांत जास्त लोक चुकतात, आणि चूक लगेच कळत नाही. सहा महिन्यांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) खाली आल्यावर कळते.

चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्यं आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. १९८३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात हॅम्बर्गरच्या जेवणासोबत घेतलेल्या कॉफीने लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने ६४ टक्क्यांनी. आणखी महत्त्वाचं म्हणजे, जेवणाच्या एक तास आधी घेतलेल्या कॉफीने काहीच फरक पडला नाही, एक तास नंतर घेतलेल्या कॉफीने मात्र सोबत घेतल्याइतकीच घट झाली. म्हणजे आधीचा कप बरा, नंतरचा वाईट. ते प्रयोग शाबूत जठराच्या माणसांवरचे. बायपासमध्ये तर लोह जिथे सगळ्यांत जास्त शोषलं जातं तो आतड्याचा सुरुवातीचा भागच वाटेतून वगळला जातो, तेव्हा जे थोडं शोषलं जातंय ते चहावर घालवणं परवडत नाही. पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि बायपासच्या पेशंटना रोज ४५ ते ६० मिग्रॅ लोह लागतं, कमी जोखमीच्या पुरुषांना १८. डीकॅफमध्येही ही द्रव्यं असतात, ती इथे निर्दोष नाही.

लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या आड येतात, त्यांच्यात किमान दोन तास. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्यासोबत, तिच्यानंतर कॉफीला किमान एक तास, आणि कॅल्शियम-लोहाला चार तास. लठ्ठपणाच्या पेशंटमध्ये थायरॉइडची गोळी घेणारे पुष्कळ असतात, आणि बहुतेकजण ती गोळी चहासोबतच गिळत आलेले असतात. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, गोळी कमी पडली की हा आकडा वाढतो) वर जातोय, डॉक्टर डोस वाढवतायत, आणि कारण चहाचं निघतं असंही होतं.

सगळं एकत्र बसवलं तर दिवस साधारण असा दिसतो. तुमच्या गोळ्यांप्रमाणे वेळा हलवा, अंतरं तीच ठेवा.

६:३० थायरॉइडची गोळी, पाणी.
७:३० चहा किंवा कॉफी, १०० मिली.
८:०० आम्ल कमी करणारी गोळी.
८:३० न्याहारी, प्रोटीन आधी: अंडं, पनीर किंवा मुगाचं धिरडं.
११:०० कॅल्शियम सायट्रेट, ५०० मिग्रॅ.
१:०० जेवण, लगेच मल्टिव्हिटॅमिन.
३:३० दुसरा कप.
५:३० कॅल्शियम सायट्रेट, ५०० मिग्रॅ.
८:०० जेवण.
९:३० लोह, दोन घोट लिंबूपाण्यासोबत.

मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह असतं, म्हणून तिच्यापासून दुसरा कप दोन तासांवर ठेवला आहे. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिग्रॅपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही म्हणून ते तोडून घ्यायचं. दिवसाचं एकूण १२०० ते १५०० मिग्रॅ भरायला हवं, त्यात दूध, दही, पनीरही धरतात. आम्ल कमी करणारी गोळी चालू असताना कार्बोनेटपेक्षा सायट्रेट बरं. कॉफीमुळे हाडांतलं कॅल्शियम जातं अशी धास्ती अनेकांना असते. कपामागे जे जातं ते काही मिग्रॅच असतं आणि दोन चमचे दूध ते भरून काढतं. तेवढी काळजी लोहाची करा.

साखर, गूळ, दूध

डम्पिंगचं चित्र ओळखता आलं पाहिजे. गोड चहा प्यायल्यावर दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ, घाम, छातीत धडधड, गरगरणं, पातळ संडास, आणि आडवं पडावंसं वाटणं. काहींना हे होत नाही, पण एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येते: हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोकं सुन्न होतं. अशा वेळी पुन्हा गोड चहा घेऊन बरं वाटतं आणि तेच चक्र फिरत राहतं. हे बायपासमध्ये जास्त, स्लीव्हमध्येही होऊ शकतं.

गुळाचा चहा हा यावर उपाय नाही. गूळ ही साखरच आहे, मधही साखरच. दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम. असे पाच कप म्हणजे ५० ग्रॅम, २०० कॅलरी, आणि पोट भरल्याची जाणीव शून्य. पातळ कॅलरी पाउचमध्ये थांबत नाहीत, सरळ खाली जातात. दोन वर्षांनी वजन परत चढलेल्या पेशंटची दिवसभराची नोंद तपासली की चहाच्या साखरेपाशी बोट थांबतं, असं वारंवार दिसतं. स्टीव्हिया किंवा सुक्रालोजची एक गोळी चालते. सॉर्बिटॉल-माल्टिटॉल असलेले शुगरफ्री पदार्थ मात्र गॅस आणि जुलाब करतात, फ्लेवर्ड सिरप घेताना लेबल बघा.

बायपासनंतर बऱ्याच जणांना दुधातली लॅक्टोज साखर सोसत नाही. दूध घातलेल्या चहानंतर अर्ध्या-एक तासात पोट फुगून गुडगुडत असेल तर चहाला दोष देण्याआधी तीन दिवस कोरा चहा पिऊन बघा. फरक पडला तर लॅक्टोज-फ्री दूध किंवा बिनसाखरेचं सोया दूध. बदामाच्या दुधात प्रोटीन जवळजवळ नसतं, ते रंगापुरतं. दुधाची निवड करताना डबल टोन्डमध्ये दीड टक्का स्निग्धांश, टोन्डमध्ये तीन, फुल क्रीममध्ये सहा हे लक्षात ठेवा. प्रोटीन तिन्हींत जवळपास सारखंच, १०० मिलीमागे सुमारे तीन ग्रॅम. तूप किंवा लोणी घातलेल्या कॉफीची हल्ली फॅशन आहे, पण एका छोट्या चमच्यात ३५ ते ४५ कॅलरी आणि बायपासवाल्यांना तेलकट जुलाब, यापलीकडे त्यातून काही मिळत नाही.

बायपासनंतर लघवीत ऑक्सलेट वाढून मुतखडा होण्याची शक्यता वाढते. चहात ऑक्सलेट बरंच असतं, कॉफीत कमी. आधी खडा झालेला असेल तर कोरा कडक चहा नको. थोडं दूध घातलेला फिका चहा बरा, कारण दुधातलं कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच बांधून ठेवतं.

चहासोबत जे येतं

खारी चहात बुडवली की विरघळते. मग ती चावावी लागत नाही, पाउचमध्ये अडकत नाही, आणि पाठोपाठ दुसरी जाते. बटर, टोस्ट, मारी, ग्लुकोजची बिस्किटं, चहा-चपाती, सगळ्यांचं तेच. घट्ट प्रोटीनचे चार घास घेतल्यावर ज्या पाउचला "पुरे" म्हणायला लागतं, तोच पाउच चहात भिजवलेल्या सहा बिस्किटांना काहीच म्हणत नाही. ऑपरेशनचा फायदा असा बुडवूनच घालवला जातो. कप एकटा प्यायचा. भूक लागली असेल तर आधी मूठभर भाजलेले चणे किंवा उकडलेलं अंडं खा, मग अर्धा तास थांबा, मग चहा. चणे तीन महिन्यांनंतर आणि नीट चावून.

सिगारेट चहाला चिकटलेली असते हे पिणाऱ्यांना सांगायला नको. ऑपरेशनआधी सिगारेट सोडलेला माणूस टपरीवर उभा राहिला की दुसऱ्याच आठवड्यात एक झुरका मारतो. बायपासच्या जोडासाठी हा एक झुरका दहा कप कॉफीपेक्षा वाईट. मशेरी, तंबाखू, गुटखाही त्याच रांगेत. सकाळी मशेरी लावून मग चहा, ही सवय असलेल्या बायका डॉक्टरांना "मी सिगारेट ओढत नाही" असं खरंच सांगतात. विचारलं नाही तरी हे स्वतःहून सांगा. सिगारेट सोडलेली असेल तर पहिले सहा महिने चहा घरीच प्या.

प्रोटीनची कॉफी

कॉफीची तल्लफ आणि प्रोटीनचा आकडा दोन्ही एका पेल्यात बसवायचे तर रीत अशी. अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी ३० मिली गरम पाण्यात विरघळवून थंड करा. शेकरमध्ये १०० मिली थंड पाणी आधी, वरून एक स्कूप व्हे आयसोलेट (दुधातल्या प्रोटीनची पावडर). पाणी आधी घातलं की तळाला गोळा बसत नाही. कॉफी घाला, वीस-पंचवीस वेळा हलवा आणि फेस बसेपर्यंत पाच-सहा मिनिटं ठेवून द्या. फेसासकट प्यायलात तर हवा आत जाते आणि बरगडीखाली दाटून येतं. स्कूपमागे २० ते २५ ग्रॅम प्रोटीन असावं आणि साखर दोन ग्रॅमच्या आत.

गरमच हवी असेल तर उकळत्या कॉफीत पावडर टाकू नका, तिच्या गुठळ्या होऊन अंड्याच्या पांढऱ्यासारखे तुकडे तरंगतात. पावडर आधी दोन-तीन चमचे गार पाण्यात घोटून पातळ पेस्ट करा, कॉफी सहज पिता येईल इतकी निवू द्या, मग ती थोडी थोडी पेस्टमध्ये ओता. हा पेला अर्ध्या-पाऊण तासात संपवायचा आणि त्याची गणती न्याहारीत करायची.

बिघडलं तर कशामुळे

पहिला घोट घेताच छातीमागे दुखणं बहुतेक वेळा तापमानाचं किंवा घाईचं असतं. कप निववून, चमच्याने पिऊन बघा. रात्री आडवं पडल्यावर आंबट पाणी वर येत असेल तर दुपारचा कप काढा. आठवडाभरात फरक नाही पडला तर डॉक्टर. स्लीव्हनंतरची जळजळ वर्षानुवर्षं अँटासिडवर ढकलू नये, एंडोस्कोपी लागू शकते.

बायपासनंतर वरच्या पोटात खुपल्यासारखी कळ, खाल्ल्यावर वाढणारी, किंवा काळी, डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची संडास: चहा-कॉफी लगेच बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळपट होते, पण ती घट्ट असते आणि तिला तसा वास नसतो. शंका असेल तर घरी ठरवत बसू नका.

दिवसातून एक-दोनदा उलटी होतेय आणि नुसता कोरा चहा तेवढा पोटात राहतोय, म्हणून त्यावरच दिवस काढणं धोक्याचं आहे. सततच्या उलट्यांनी शरीरातला थायमिन, म्हणजे बी-१, काही आठवड्यांत संपतो. दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही मेंदूला त्याची कमतरता पोहोचल्याची लक्षणं आहेत. इमर्जन्सीत जा, पेशंटची बेरियाट्रिक सर्जरी झाली आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन द्यायचं का असं विचारा.

उपवास, पाहुणे, प्रवास

एकादशीला दिवसभर चहावर राहायचं आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खायची, हे आता जमणार नाही. उपवास मोडायचा नसेल तर दूध, दही, ताक, पनीर, दाण्याची आमटी यांतून प्रोटीन घ्या आणि कप तेच दोन. गोळ्या उपवासालाही चुकवायच्या नाहीत. निर्जळी करू नये.

कुणाकडे गेलं की "अर्धा तरी घ्या" टळत नाही. नाही म्हणून वाद घालण्यापेक्षा आधीच सांगा: "मला बिनसाखरेचा, कोरा, अर्धा कप." हे करायला यजमानाला जास्तीचं भांडं लागतं, त्यामुळे दुसऱ्या कपाचा आग्रह सहसा होत नाही. घरातल्यांना मात्र नुसता आकडा सांगून भागत नाही, पातेलं वेगळं ठेवा. एकाच पातेल्यात साखर घालून झालेल्या चहातून "तुझ्यापुरता" चहा निघत नाही.

एसटीच्या थांब्यावर, रेल्वेत मिळणारा चहा साखर घालूनच येतो. पिशवीत इन्स्टंट कॉफीच्या छोट्या पुड्या आणि थर्मासात कोमट पाणी ठेवा. कॅफेत गेलात तर सर्वांत छोटा अमेरिकानो मागवा, निम्मा पाण्याने पातळ करा. क्रीम घातलेल्या कोल्ड कॉफीच्या एका पेल्यात तीनशेच्या वर कॅलरी सहज असतात.

बाळाचा विचार असेल तर ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. गरोदरपणात कॅफिनची मर्यादा दिवसाला २०० मिग्रॅ मानतात, पण बायपास झालेल्या गरोदर स्त्रीचं लोह आधीच काठावर असतं. तिने दिवसाला एकच फिका कप ठेवावा, तोही जेवणाच्या आधी, आणि हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही दर तिमाहीत तपासून घ्यावं.